उजनीच्या फुगवट्यात तीन दिवस: कयाकमधून मासेमारी आणि काठावरच्या मुक्कामाचे नियोजन

पुण्याहून सोलापूर रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटर गेले की भिगवण लागते. इथे भीमा वाहती नदी राहिलेली नसते. उजनी धरणाच्या फुगवट्याने ती दोन्ही काठ गिळून पसरलेली असते. कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी अरुंद होडी, घेऊन दोन रात्री काठावर काढाव्यात, सकाळ-संध्याकाळ गळ टाकावा, असे वाटणाऱ्यांसाठी पुण्याजवळ इतका लांब आणि सलग पाण्याचा पट्टा दुसरा नाही. मात्र इथल्या सहलीची आखणी माशांपासून सुरू करून चालत नाही. पाणी आज कुठवर आहे, वारा कधी सुटतो आणि काठ कोणाच्या वापरात आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच रॉड आणि रीळ यांचा विचार करावा.

पाणी कुठवर आहे ते आधी पाहा

उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे आणि त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे एरवी वापरासाठी न सोडला जाणारा तळाचा साठा आहे; बातम्यांतली टक्केवारी त्याच्या वरच्या पाण्याची असते. निम्म्याहून अधिक पाणी मृतसाठ्यातले असल्यामुळे ‘उजनी शून्यावर आली’ किंवा ‘वजामध्ये गेली’ अशी बातमी आली, तरी कयाक चालवण्याइतके पाणी धरणात असतेच. बदलतो तो काठ. दिवाळीच्या सुमारास जिथे गाडी थेट पाण्यापर्यंत जाते, तिथे मार्च-एप्रिलमध्ये पाणी दूर सरकलेले असते आणि मध्ये गाळाचा पट्टा पसरलेला असतो. पाणी फारच उतरले की पळसदेवचे बुडालेले जुने मंदिर उघडे पडते. तेवढी पातळी असताना या सहलीचा बेत करूच नये.

माझ्या पहिल्या सहलीत मी नेमकी हीच चूक केली. मोबाइलवरच्या उपग्रह नकाशात निळे पाणी रस्त्याला लागून दिसत होते, पण ते छायाचित्र धरण भरलेले असतानाचे होते आणि आम्ही मार्चमध्ये गेलो होतो. वरून भेगाळलेला, वाळलेला दिसणारा गाळ दहाव्या पावलाला गुडघ्यापर्यंत आत घेऊ लागला. पाय ओढून काढताना सँडल आतच राहिली आणि कयाक पाण्यापर्यंत नेण्यात दोन तास गेले. तेव्हापासून निघण्याच्या आठवड्यात पाणीसाठ्याची टक्केवारी पाहिल्याशिवाय आणि उतरण्याच्या गावातल्या कोणाला तरी फोन करून ‘गाडी पाण्यापर्यंत येते का?’ असे विचारल्याशिवाय मी निघत नाही. उतरण्यासाठी मुरमाड किंवा खडकाळ काठ निवडावा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य हा सर्वांत योग्य काळ होय. पावसाळ्यात जाऊच नये. पुण्याकडच्या धरणांतून सोडलेले पाणी दौंडवरून उजनीत येते आणि त्या विसर्गाबरोबर गढूळ पाणी, ओंडके आणि जलपर्णीचे मोठमोठे तराफे वाहून येतात. शिवाय तो माशांच्या विणीचा हंगाम असतो. एप्रिल-मे हे महिने वळिवाचे. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे येणारी प्रवासी बोट याच जलाशयात वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. प्रवासी बोटीला जे पाणी पेलले नाही, ते कयाकला पेलेल असे समजू नये.

परवानगी आणि काठावरची माणसे

जलाशय आणि त्यासाठी संपादित झालेली जमीन सरकारी असते, तर मासेमारीवर हजारो कुटुंबांचे पोट चालते. म्हणून हौसेची मासेमारीसुद्धा विचारल्याशिवाय करू नये. मत्स्यव्यवसाय विभागाचे पुण्यातील कार्यालय आणि भीमानगर येथील धरण व्यवस्थापनाचे कार्यालय या दोन्ही ठिकाणी सध्याचे नियम विचारून शक्यतो लेखी परवानगी घ्यावी. त्यानंतर ज्या गावातून उतरणार आणि ज्या गावाजवळ राहणार, तिथल्या पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना आणि संबंधित पोलीस ठाण्याला तारखा, माणसांची संख्या व फोन क्रमांक कळवावेत. एका काठावर पुणे जिल्ह्यातला इंदापूर तालुका आणि समोरच्या काठावर सोलापूर जिल्ह्यातला करमाळा तालुका असल्यामुळे मुक्काम पलीकडे असेल, तर तिकडेही कळवणे आवश्यक आहे.

मात्र खरी माहिती मिळते ती मच्छीमारांकडून. पहाटे जाळी काढून होड्या परत येतात, त्या वेळी काठावर थांबावे, नमस्कार करावा, चहा घ्यावा आणि मग विचारावे. जाळी कुठे लावली आहेत, पाण्याखाली जुनी झाडे, विहिरी किंवा भिंती कुठे आहेत, वारा कोणत्या बाजूने उठतो, हे त्यांना तोंडपाठ असते. एखाद्या जाणत्या मच्छीमाराला मेहनताना देऊन पहिल्या दिवशी सोबत घेतल्यास तो खर्च सर्वांत सत्कारणी लागतो, असे माझे मत आहे.

रोजचे अंतर आणि वारा

रिकामी कयाक स्थिर पाण्यात तासाला चार-पाच किलोमीटर जाते. तीच सामानाने भरल्यावर आणि समोरून वारा आल्यावर दोन-तीन किलोमीटरवर येते. मासेमारीसाठी थांबेही घ्यायचे असल्यामुळे दिवसाला आठ ते दहा किलोमीटरपेक्षा अधिक अंतर धरू नये. कुंभारगावच्या बाजूने उतरून इंदापूरचा काठ धरत पळसदेव-कळाशीच्या दिशेने जावे आणि शेवटच्या ठिकाणी दुसरी गाडी आधीच उभी करून ठेवावी. दर दोन किलोमीटरला बाहेर पडण्याजोगी जागा नकाशावर खूण करून ठेवावी. वाटेत नुसता उसाचा काठ किंवा गाळ असेल, तर तो टप्पा सकाळीच पार करावा.

पाणी पहाटे आरशासारखे असते आणि दुपारी वारा सुटला की रुंद पट्ट्यात लाटा उठतात. म्हणून सूर्योदयानंतर निघून अकराच्या आत काठाला लागावे. जलाशय आडवा ओलांडायचा असेल, तर अरुंद जागा पाहून आणि सर्वांनी एकत्र ओलांडावा. हिवाळ्यात धुके असल्यास समोरचा काठ दिसेपर्यंत थांबावे. पाणी कितीही शांत दिसले, तरी लाइफ जॅकेट काढू नये. शिटी जॅकेटलाच बांधलेली असावी.

ज्याने कयाकवर पूर्ण दिवस कधी काढला नाही, त्याने या सहलीआधी जवळच्या जलक्रीडा केंद्रात किमान दोन दिवस सराव करावा. या सरावात उलटलेल्या कयाकवर पुन्हा चढणे शिकलेच पाहिजे. कयाक सरळ करून मधोमध पकडायची, पाय पाण्याच्या पृष्ठभागावर आणून जोरात मारायचे, पोट आडवे कयाकवर घ्यायचे आणि मग वळून बसायचे. हे पाठोपाठ पाच वेळा जमेपर्यंत मुक्कामी सहलीचा बेत पुढे ढकलावा.

सामान

सर्वांत जड वस्तू म्हणजे पिण्याचे पाणी. मुळा-मुठेतून पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी भीमेत उतरते आणि उजनीत येते. उकळल्याने त्यातले जंतू मरतात, पण रसायने निघत नाहीत. त्यामुळे माणशी दिवसाला चार लिटर याप्रमाणे तीन दिवसांचे बारा लिटर पाणी पुण्यातूनच न्यावे. मोठ्या कॅनपेक्षा दोन-दोन लिटरच्या बाटल्या बऱ्या. त्या आसनाच्या लगेच मागे, तळाशी आणि दोन्ही बाजूंना सारख्या ठेवता येतात. तंबू, झोपण्याची पिशवी आणि कोरडे कपडे जलरोधक पिशव्यांत घालून पुढे-मागे वाटून ठेवावेत. कयाकवर लिहिलेल्या वजनक्षमतेच्या दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भार लादू नये. सर्व सामान भरून झाल्यावर उथळ पाण्यात बसून पाहावे आणि कयाक एका अंगाला झुकत असेल, तर तिथेच पुन्हा लावावे. जीन्स नेऊ नये, कारण ती भिजली की सुकत नाही आणि डिसेंबरच्या पहाटे हुडहुडी भरते.

गळ टाकताना

सहा-सात फुटांचा मध्यम रॉड, मध्यम आकाराचे रीळ आणि दहा-बारा पौंडांची दोरी एवढे पुरेसे आहे. चिलापी उथळ, दगडाळ काठाजवळ गांडुळाला येते आणि नवशिक्याला हमखास मिळते. रोहूसाठी कणकेचा घट्ट मळलेला गोळा तळाशी सोडावा. मरळ मात्र पाणवनस्पतींच्या कडेला दबा धरून असते. पहाटे बेडकाच्या आकाराचे रबरी आमिष वनस्पतींवरून हळूहळू ओढत आणले, तर ती एकदम उसळी घेऊन पकडते. चिलापीच्या पाठीवरचे काटे टोकदार असतात. हात तोंडाकडून शेपटीकडे सरकवत नेला, म्हणजे काटे अंगाला चिकटून मिटतात; उलट दिशेने धरले, तर ते तळव्यात घुसतात. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून बसवल्यास सोडायचा मासा फारसा जखमी होत नाही आणि आपल्या बोटात रुतलेला गळही सहज निघतो. जेवणापुरतेच मासे ठेवावेत.

थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या रांगेने तरंगताना दिसल्या, तर खाली जाळे आहे असे समजून वळसा घालावा. नांगर टाकायचा असल्यास तो कयाकच्या टोकाला बांधावा, कधीही बाजूला बांधू नये, आणि दोर कापण्यासाठी सुरी हाताशी असावी. हिवाळ्यात इथे पट्टकदंब आणि रोहित पक्षी उतरलेले असतात; त्यांच्या थव्याच्या दिशेने कयाक नेऊ नये.

मुक्काम

दुपारी चारपर्यंत जागा ठरलेली असावी. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीवर शेतकरी गाळपेर करतात. रिकामी दिसणारी जमीन पेरलेली असू शकते, म्हणून विचारूनच तंबू लावावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे काठावरच्या विजेच्या मोटारी. पाणी सरकते तसे शेतकरी मोटारी पुढे नेतात आणि त्यांच्या केबली गाळातून, गवतातून, कधी थेट पाण्यातून गेलेल्या असतात. एखाद्या जोडावर नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली असते. मोटार दिसेल तिथे काठाला लागूच नये, आणि केबल ‘बंद असेल’ असे गृहीत धरून कधीही ओलांडू नये किंवा उचलू नये.

उसाच्या फडाला लागून झोपू नये, कारण या पट्ट्यात बिबट्याचा वावर असतो. तंबूची चेन सतत बंद ठेवावी, अंधारात टॉर्चशिवाय पाऊल टाकू नये आणि सकाळी बूट झटकून घालावेत, कारण घोणस आणि मण्यार दोन्ही इथे आहेत. साप चावल्यास आवळून बांधणे, चिरणे, चोखणे यांपैकी काहीही न करता तो अवयव स्थिर ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी; प्रतिविष असलेले जवळचे रुग्णालय निघण्यापूर्वीच शोधून ठेवावे. स्वयंपाक छोट्या गॅसवर करावा. पाचटाजवळ चूल पेटवू नये. भाकरी आणि ठेचा घरून नेल्यास पहिल्या रात्री फक्त चिलापीचे कालवण करावे लागते. माशांची घाण तंबूपासून दूर पुरावी आणि प्लास्टिक परत आणावे.

शेवटच्या दिवशी बाहेर पडल्यावर ज्यांना ज्यांना कळवले होते, त्या सर्वांना ‘पोहोचलो’ असा फोन करावा. मग गाडीवर चढवण्याआधी कयाक उलटी करून धुवावी. तळाच्या, पाणी निचरा होण्यासाठी असलेल्या भोकांत आणि आसनाच्या पट्ट्याखाली जलपर्णीचे बोटभर लांबीचे तुकडे हमखास अडकलेले असतात. ते बोटाने उकरून काढावेत आणि कयाक, दोर व जॅकेट दोन दिवस कडक उन्हात वाळवावेत, कारण तो एक तुकडाही पुढच्या वेळी पानशेतच्या स्वच्छ पाण्यात रुजायला पुरेसा असतो.