रॅस घेण्याआधी विचारा, तो झोपतो कुठे?
रिफ टँकसाठी, म्हणजे प्रवाळ असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी, रॅस हा समुद्री मासा निवडताना रंगाआधी त्याची झोपायची सवय पाहा. पिवळाधमक हॅलिकोएरिस क्रायसस, म्हणजे दुकानातला ‘यलो कोरिस’, रात्री वाळूत शिरतो. घाबरला तरी तेच. त्याला किमान 5 सेंटिमीटर बारीक वाळू हवीच. जाड, धारदार चुऱ्यात त्याचं अंग सोलवटतं. फेअरी आणि फ्लॅशर रॅस मात्र खडकाच्या फटीत, स्वतःभोवती चिकट पारदर्शक कोष तयार करून झोपतात. सकाळी तो कोष पाण्यात तरंगताना दिसला तर घाबरू नका, मासा ठणठणीत असतो.

शेंदरी-लाल अंगावर काळ्या कडांचे पांढरे ठिपके असलेलं गोंडस पिल्लू दिसलं, तर मोह आवरा. ते कोरिस गायमार्ड या रॅसचं. मोठेपणी रंग पालटतो, लांबी 40 सेंटिमीटरपर्यंत जाते, गोगलगायी फस्त होतात, दगड उलथेपालथे होतात. सहा पट्ट्यांचा सिक्सलाइन रॅस लहानखुरा, पण भांडकुदळ. तो टँकमध्ये सगळ्यांत शेवटी सोडा.

आणि मासा आणण्याआधीच टँकवर बारीक जाळीचं झाकण बसवा. वायरसाठी ठेवलेली फटही बुजवा, रॅस नेमका तिथूनच उडी मारतो.