मरण, जीव आणि सद्गुण: आद्य ख्रिस्ती विचारांवर वचनसभा कशी घ्यावी

नवापूर-नंदुरबारकडच्या ख्रिस्ती मंडळीत हा विषय घ्यायचा तर चार शतकं एका बैठकीत कोंबू नका. तीन संध्याकाळी ठेवा, प्रत्येकी सव्वा तास. कापूस वेचणीचे दिवस टाळा. दिवसभर वाकून आलेला माणूस पेंगणारच.

सुरुवात जिवापासून नको, पुनरुत्थानापासून करा. बायबलमधलं थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र 4:13-18 वाचा, मग करिंथकरांस पहिलं पत्र 15:36-44, म्हणजे पेरलेल्या दाण्याचा भाग. शेतकऱ्यांना तो समजवावा लागत नाही. क्रम उलटा झाला की अडतं: 'आत्मा अमर' हे सगळ्यांच्याच कानात बसलेलं असतं, मग देह उठायची गरज काय, असा प्रश्न येतो. तिथे आद्य ख्रिस्ती लेखक जस्टिन उपयोगी पडतो. दुसऱ्या शतकाच्या मध्याला तो लिहितो की जीव आपोआप अमर नसतो, देवाच्या इच्छेने जगतो. भल्यांचे जीव बऱ्या जागी, दुष्टांचे वाईट जागी न्यायाची वाट पाहतात.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर आडवी रेघ ओढा: मरण, थांबणं, पुनरुत्थान, न्याय. प्रत्येकाचं म्हणणं त्या रेघेवर मांडा. बिशप आयरेनियस (सुमारे 180) सगळ्यांना पुनरुत्थानापर्यंत थांबायला लावतो. उत्तर आफ्रिकेतला लेखक तर्तुल्यन म्हणतो, थेट सुखलोकात फक्त हुतात्मे, म्हणजे श्रद्धेपायी मारले गेलेले. इथे कुणीतरी लूक 23:43 (क्रुसावरच्या गुन्हेगाराला येशू म्हणतो, आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील) काढून वाद घालेलच. घालू द्या, निकाल देऊ नका. चौथ्या शतकातल्या निस्साच्या बिशप ग्रेगरीला मात्र वेळ राखून ठेवा. त्याची बहीण मॅक्रिना 379 मध्ये वारली. मरणशय्येवरचा तिच्याशी झालेला संवाद त्याने लिहिला. त्यात चिखलाने लडबडलेला दोर बारीक भोकातून ओढतात: चिखल खरवडून मागे राहतो, दोर पुढे जातो. वासनांना चिकटलेल्या जिवाला होणारी वेदना अशी, शिक्षेपेक्षा शुद्धीची. सुतळी आणि ओली माती आणून करूनच दाखवा. बिशप ऑगस्टीन मृतांसाठीच्या प्रार्थनेचा उपयोग मानतो, पण नंतरचा शुद्धिस्थानाचा (मरणानंतर जीव शुद्ध होण्याच्या जागेचा) पक्का सिद्धांत जस्टिनच्या तोंडी घालू नका. ही चूक फार होते.

तिसरी संध्याकाळ सद्गुणांची. विवेक, न्याय, धैर्य, संयम ही चौकडी ग्रीकांची, मिलानचा बिशप अँब्रोजने ती ख्रिस्ती केली. एवढं पाच मिनिटांत आटपा. उरलेला वेळ उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियनला. सुमारे 252 मध्ये कार्थेजला साथ चालू असताना तो म्हणाला, हा आजार माणसाची परीक्षा घेतो: धडधाकट माणूस आजाऱ्याची सेवा करतो का, नातलग नातलगाला जपतो का, मालक आजारी गुलामावर दया करतो का, वैद्य रोग्याला सोडून पळतो का. गुलामाच्या जागी सालदार ठेवून हेच प्रश्न सभेला विचारा. मालक आणि सालदार एकाच सतरंजीवर बसलेले असतील तर उत्तराची घाई करू नका.

ज्या घरी नुकतीच माती झाली तिथे यातलं काही नको. थेस्सलनीकाकरांसचा उतारा आणि प्रार्थना पुरे. मरण चांगलंच असतं हे अँब्रोजचं म्हणणं तर तिथे उच्चारूही नका. देहाचं मरण कुणालाच चांगलं नसतं, असं ऑगस्टीननेही लिहून ठेवलंय.