फॉस्टर केअरचं लेकरू घरी आलं, आता सोताले कसं सांभाळाचं?

बाल कल्याण समितीकडून लेकरू काही काळ सांभाळाले (म्हणजे फॉस्टर केअरमंदी) घरी आलं का पयले काही महिने झोपेचं खोबरंच होते, ते रात्री दचकून उठते, मंग आपण उठतो, अन् सकाळी कापूस वेचाले जा लागतेच. म्हणून रातच्या पाळ्या लावा, एक दिवस बाईनं उठाचं, एक दिवस माणसानं, सगळं बाईच्याच अंगावर टाकू नका बावा! "तू माही माय नाईस" म्हणलं तं लगेच उत्तर देऊ नका, अंगणात जा, पाणी प्या, मंग बोला. मिशन वात्सल्य या सरकारी योजनेचे महिन्याचे ४००० रुपये मंजूर असून अडकले तं जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारा, लाजाचं काय त्यात. मन लयच जड झालं तं टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावा, पैसे लागत नाईत, मराठीत बोलता येते.