कस्टम ब्लॉकमध्ये व्हिडिओचा प्रिव्ह्यू एडिटरमध्ये दिसत नसेल तर (माझा अनुभव)

लक्षण असं: वर्डप्रेसच्या कस्टम ब्लॉकमध्ये (एडिटरसाठी आपण स्वतः कोड लिहून बनवलेल्या घटकात) यूट्यूबची लिंक टाकली की साइटवर व्हिडिओ नीट चालतो, एडिटरमध्ये मात्र नुसती लिंक दिसते. डोकं उठलं होतं.

लिंक थेट आयफ्रेमला (पानात दुसरं पान दाखवणाऱ्या चौकटीला) दिली, तर चौकट रिकामीच. मग ओएम्बेडचं (लिंक दिली की तिचा एम्बेड कोड परत देणाऱ्या पद्धतीचं) एचटीएमएल 'डेंजरसलीसेटइनरएचटीएमएल'ने, म्हणजे रिअ‍ॅक्टमध्ये कच्चं एचटीएमएल थेट घालायच्या सोयीने, घातलं. व्हिडिओ आला, पण ज्या एम्बेडसोबत स्क्रिप्ट येते ते उमटेनात. त्या मार्गाने घातलेली स्क्रिप्ट ब्राउझर चालवतच नाही.

चाललं ते असं. 'यूझसिलेक्ट'मध्ये (एडिटरच्या साठ्यातली माहिती वाचणाऱ्या हुकमध्ये) 'कोअर' स्टोअरचं 'गेटएम्बेडप्रिव्ह्यू' लिंक देऊन बोलवा आणि डिपेंडन्सीच्या यादीत ती लिंक लिहा. उत्तर येईपर्यंत 'अनडिफाइन्ड' मिळतं, तेव्हा स्पिनर दाखवा. 'फॉल्स' आलं तर एम्बेड जमलेलं नाही. उत्तर नीट आलं तर त्यातलं 'एचटीएमएल' वर्डप्रेसच्या 'सँडबॉक्स' कंपोनंटला द्या. तो स्वतंत्र आयफ्रेम उभारतो, त्यामुळे स्क्रिप्टही चालते. त्यानंतर, ब्लॉक निवडलेला नसताना प्रिव्ह्यूवर पारदर्शक डिव्ह (रिकामा एचटीएमएल थर) पसरवा. हे टाळू नका: तो नसेल तर क्लिक आयफ्रेमच गिळतो आणि ब्लॉक निवडलाच जात नाही.

लिंक टाइप करताना प्रत्येक अक्षराला सर्व्हरकडे विनंती जाऊ नये म्हणून लिंक बटण दाबल्यावरच अ‍ॅट्रिब्यूटमध्ये (ब्लॉकच्या जतन होणाऱ्या माहितीत) साठवा.