सूट आणि नफ्याची शेकडेवारी: आधी 100 कुठे धरायचे ते ठरवा

सूट-नफ्याच्या गणितात गुणाकार सहसा चुकत नाही. टक्के कशाचे, हेच ठरवलेले नसते आणि तिथे घोटाळा होतो. सूट छापील किमतीवर मोजतात, शेकडा नफा खरेदी किमतीवर. म्हणून पहिली पायरी: ज्या किमतीवर टक्के मोजायचे, तिच्याखाली 100 लिहा.

मग टक्क्यांचा गुणक करा. 15% सूट म्हणजे 100 पैकी 85 द्यायचे, गुणक 0.85. किंमत 40% चढवली तर 1.40. छापील किंमत 1,200 असेल, तर 1,200 × 0.85 = 1,020. तोंडी करायचे असेल तर 10% म्हणजे 120, त्याचे निम्मे 60. दोन्ही मिळून 180 वजा.

सर्वांत जास्त गफलत उलट्या गणितात होते. 15% सूट देऊन वस्तू 1,020 ला विकली, तर छापील किंमत किती? बरेच जण 1,020 चे 15%, म्हणजे 153, मिळवून 1,173 लिहितात. पण सूट 1,020 वर दिलेलीच नव्हती. 1,020 म्हणजे छापील किमतीच्या 100 पैकी 85 भाग. तेव्हा 1,020 ÷ 0.85 = 1,200. येताना गुणले असेल तर परत जाताना भागा, आणि उत्तराला 0.85 ने गुणून ताळा घ्या.

सुटीवर सूट असेल तर टक्क्यांची बेरीज करू नका, गुणक गुणा. 20% वर आणखी 10%: 0.80 × 0.90 = 0.72, म्हणजे सूट 28%. आधी 10% घेतली तरी उत्तर तेच.

आता विक्रेत्याची बाजू. खरेदी 500, 20% सूट देऊनही 12% नफा हवा. छापील किंमत किती ठेवायची?

1. हवी ती विक्री किंमत: 500 × 1.12 = 560.
2. हे 560 म्हणजे छापील किमतीचे 80%. 560 ÷ 0.80 = 700.
3. चढवायचे टक्के: 200 ÷ 500 = 40%.

इथे 12 आणि 20 मिळवून 32% चढवण्याचा मोह होतो. तसे केले तर छापील किंमत 660, सूट देऊन हातात 528, आणि नफा जेमतेम 5.6%. कारण 12% हे 500 चे होते, 20% मात्र 660 चे. त्याच कारणाने 25% चढवून 25% सूट दिली की बरोबरी होत नाही: 1.25 × 0.75 = 0.9375, म्हणजे 6.25% तोटा.