घरी शुगर तपासताना या चुका टाळा

मीटरवर अनपेक्षित आकडा दिसला की काल काय खाल्लं याची उजळणी सुरू होते, नाहीतर मीटरलाच दोष दिला जातो. खरी गडबड बहुतेक वेळा बोटावर किंवा स्ट्रिपच्या डबीत असते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर याकडे फारच काळजीपूर्वक बघायला हवं, कारण खोट्या आकड्यावर घेतलेला डोस खराच असतो.

हात

स्ट्रिपला रक्त लागतं ते साधारण एक मायक्रोलिटर, कित्येकदा त्याहूनही कमी. एवढ्याशा थेंबात बोटाला लागलेला फळाचा रस किंचित जरी मिसळला, तरी आकडा बराच वर जातो. फळ सोलल्यावर बोट नुसतं स्पिरिटने पुसून भागत नाही. स्पिरिट जंतू मारतं, पण चिकटलेली साखर त्याने नीट निघत नाही. साबण लावून कोमट पाण्याने हात धुवा आणि अगदी कोरडे करा. बोट ओलं राहिलं तर रक्त पातळ होऊन शुगर आहे त्यापेक्षा कमी दिसते. हात धुणं शक्यच नसेल, तर पहिला थेंब स्वच्छ कोरड्या कापसाने पुसून दुसरा घ्या. हात धुतलेले असतील तर पहिला थेंब चालतो.

टोचणं

थेंब येत नाही म्हणून बोट पिळू नका. जोरात दाबल्याने पेशींभोवतालचं पाणी रक्तात मिसळतं आणि आकडा बिघडतो. टोचण्याआधी हात थोडा वेळ खाली सोडा, गार असेल तर कोमट पाण्याखाली धरा आणि तळव्याकडून टोकाकडे हलकेच चोळा. बोटाच्या मऊ मध्यभागी टोचल्यावर जास्त दुखतं, म्हणून पेराच्या कडेला टोचा आणि दरवेळी बोट बदला. तरीही रक्त कमीच येत असेल तर लॅन्सिंग पेनची (सुई बसवून बोट टोचायच्या पेनची) खोली एका अंकाने वाढवा. तीच सुई पुन्हा पुन्हा वापरली की तिचं टोक बोथट होतं आणि दुखणं वाढतं. आणि एक पेन दोघांनी कधीही वापरू नये, घरातल्या घरातही नाही. सुई नवीन घातली तरी पेनच्या टोपणाला रक्त लागलेलं असू शकतं, आणि त्यातून हिपॅटायटिस बी पसरू शकतो.

स्ट्रिप

स्ट्रिपवरच्या एन्झाइमला दमट हवा आणि उष्णता सोसत नाही. डबीच्या आतल्या बाजूला ओल शोषणारा पदार्थ असतो, म्हणून स्ट्रिपा दुसऱ्या डबीत काढून ठेवू नका आणि एक काढली की झाकण लगेच घट्ट लावा. बाथरूम, उन्हात उभी गाडी आणि फ्रिज या तिन्ही जागा टाळा. फ्रिजमधून काढलेल्या डबीत दव धरतं. बहुतेक स्ट्रिपा ३० अंश सेल्सिअसच्या आत ठेवायच्या असतात. डबी उघडल्यावर ती किती महिने चालते तेही पाहा. अनेक कंपन्यांची ही मुदत छापील एक्सपायरीच्या आधीच संपते. उघडल्याची तारीख डबीवरच लिहून टाका. जुन्या मीटरमध्ये डबीवरचा कोड जुळवावा लागतो. तो चुकला तर पुढचे सगळे आकडे चुकतात.

रक्त स्ट्रिपवर वरून टाकू नका. टोक थेंबाला टेकवा, स्ट्रिप ते स्वतः ओढून घेते. रक्त अपुरं पडून एरर आला तर त्याच स्ट्रिपवर दुसरा थेंब न चढवता नवी स्ट्रिप घ्या. काही मोजक्या मीटरमध्ये तशी सोय असते, ते माहितीपत्रकात दिलेलं असतं.

आकड्यांची तुलना

आयएसओ १५१९७ या मानकानुसार मीटरच्या किमान ९५ टक्के आकड्यांमध्ये लॅबच्या आकड्यापासून १०० च्या खाली १५ पर्यंत (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) आणि १०० च्या वर १५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो. म्हणजे लागोपाठ १४२ आणि १५५ आले तर मीटर बिघडलेला नाही. तीनदा तपासून मनासारखा आकडा वहीत लिहिणं मात्र स्वतःचंच नुकसान आहे. लॅबशी ताडून पाहायचं तर उपाशीपोटी, लॅबमध्ये रक्त काढल्यावर काही मिनिटांतच पाहा. जेवणानंतर बोटातल्या रक्तातली साखर शिरेतल्यापेक्षा जास्तच असते. ॲनिमिया असेल तर काही मीटर खोटा जास्त आकडा दाखवतात. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसनेही काहींवर तसं होतं.

वेळ

जेवणानंतरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजा, हात धुतल्यापासून नाही. आमच्या मते सर्वांत जास्त स्ट्रिपा वाया जातात त्या रोज फक्त उपाशीपोटी तपासण्यात. सकाळची शुगर छान आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) मात्र वाढलेलं, असं असेल तर बहुधा जेवणानंतर शुगर चढत असते. त्याच स्ट्रिपा जोडीने वापरा: एखाद्या जेवणाआधी एक, दोन तासांनी दुसरी. शेजारी काय खाल्लं, किती चाललात आणि औषधाची वेळ लिहा. नुसत्या आकड्यांच्या रांगेवरून डॉक्टरांना डोस ठरवता येत नाही.

शुगर खाली गेली तर

७० च्या खाली आकडा आला तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या, १५ मिनिटं थांबा, पुन्हा तपासा. पण ग्लुकोज पावडर ज्या बोटांनी घेतली तेच बोट न धुता टोचलं, तर शुगर चढल्याचं खोटंच दिसेल आणि माणूस निर्धास्त होईल. मनगटाच्या वर किंवा दंडावरही आत्ता तपासू नका, तिथे बदल उशिरा दिसतो. घाम, थरथर, घाबरल्यासारखं होत असेल आणि मीटर हाताशी नसेल, तर आधी ग्लुकोज घ्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नका, थेट रुग्णवाहिका बोलवा.

मीटरवर ‘हाय’ आलं तर शुगर मीटरच्या मोजमापाच्या पलीकडे आहे, अनेक मीटरमध्ये ६०० च्या वर. हात धुऊन नव्या स्ट्रिपने एकदा तपासा. पुन्हा ‘हाय’च आलं, किंवा सोबत उलट्या, धाप किंवा गुंगी असेल, तर तिसऱ्यांदा तपासत न बसता रुग्णालय गाठा.