कंप्रेस केलेल्या ड्राइव्हवर व्हर्च्युअल मशीन रखडत होतं, ते असं सुटलं
विंडोज १०, साधी हार्ड डिस्क. जागा वाचावी म्हणून डी ड्राइव्ह कंप्रेस केला आणि त्यावरचं व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा, आभासी कॉम्प्युटर) सुरू व्हायला १० मिनिटं लागू लागली. अँटीव्हायरस बंद केला, रॅम वाढवली; फरक शून्य. दोन रविवार गेले.

मग मशीनच्या फाइलच्या आयकॉनवर दोन निळे बाण दिसले, म्हणजे तीही कंप्रेस झाली होती. एनटीएफएस, म्हणजे विंडोजची डिस्कवर फाइल्स साठवायची पद्धत, ६४ केबीच्या तुकड्यांत कंप्रेस करतं. त्यातलं जरासं बदललं तरी अख्खा तुकडा पुन्हा लिहावा लागतो, फाइल डिस्कभर विखुरते.

आधी मशीन पूर्ण शटडाउन करा. त्याच्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘साइझ’ आणि ‘साइझ ऑन डिस्क’ यांतला फरक बघा; किमान तेवढी जागा मोकळी हवीच. मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये कंप्रेसची खूण काढा, आतल्या फाइल्सनाही लागू करा. शेवटी डीफ्रॅग, म्हणजे विखुरलेले तुकडे पुन्हा एकत्र लावणं.

जुने लॉग (प्रोग्रॅमच्या नोंदींच्या फाइल्स) मात्र कंप्रेसच ठेवलेत, तिथे जागा खरंच वाचते. फोटो-व्हिडिओंच्या वाटेला जाऊ नका, ते आधीच आवळलेले असतात.